छपरावरील कामाची सुरक्षितता

छपरावरील कामाची सुरक्षितता म्हणजे घरे, गोठे, शाळा, गोदामे आणि कारखान्यांच्या शेड यांची छपरे घालताना, दुरुस्त करताना, साफ करताना किंवा उतरवताना कामगार उंचावरून पडू नये, आणि पडलाच तर त्याच्या जिवावर बेतू नये, यासाठी करावयाची व्यवस्था होय. मोठ्या बांधकामांवर या व्यवस्थेसाठी स्वतंत्र अधिकारी नेमलेला असतो. या लेखात मुख्यतः महाराष्ट्रातील लहान ठेकेदारांच्या कामाचा विचार केला आहे. दोन ते आठ माणसांची टोळी, तिचा मुकादम स्वतःच छपरावर चढणारा, आणि काम बहुधा दोन-तीन दिवसांत उरकायचे, असे या व्यवसायाचे सर्वसाधारण स्वरूप असते. पत्रेवाले, फॅब्रिकेशनचे कारागीर, कौले चाळणारे सुतार आणि अलीकडच्या काळात सौर पटल बसवणारे तंत्रज्ञ हे सर्व या वर्गात येतात. २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेनंतर घरांच्या छपरांवर चढणाऱ्या या शेवटच्या गटाची भर पडली आहे.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात छपराचे काम ऋतूशी बांधलेले आहे. पावसाळ्यापूर्वी कौले काढून, पुसून, फुटकी बदलून पुन्हा लावणे किंवा गवताचे छप्पर नव्याने आच्छादणे याला शाकारणी म्हणतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर चैत्र-वैशाखात शाकारणीची धांदल असे. कौलारू घरांची संख्या घटली, तरी ‘पावसाआधी’ ही मुदत मात्र पत्र्याच्या छपरांनाही तशीच लागू राहिली. एप्रिल-मे महिन्यांत सर्वांचीच कामे एकदम निघतात, कारागीर कमी पडतात, आणि वळवाच्या पहिल्या सरीपूर्वी काम संपवण्याच्या घाईत खबरदारीचे उपाय सर्वांत आधी गळतात.

वादळानंतर हीच परिस्थिती अधिक तीव्र होते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील असंख्य घरांची कौले व पत्रे उडाले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ वादळ किनाऱ्याजवळून गेले. अशा वेळी मोसमी पाऊस दारात उभा असतो, ओली आणि खिळखिळी झालेली छपरे दुरुस्त करायची असतात, आणि ज्याने पूर्वी कधी छपरावर पाऊल ठेवले नाही असा घरमालकही ताडपत्री घेऊन वर चढतो.

जुन्या कारागिरांची पद्धत मात्र निष्काळजी नव्हती. मंगलोरी कौलांच्या घरात फुटके कौल अनेकदा आतून, माळ्यावर उभे राहून, वरचे कौल किंचित उचलून बदलता येते. बाहेरून काम करणे भागच असेल, तर एका पट्ट्यातील कौले उतरवून कारागीर वाशांवर आणि रिपांवर पाय ठेवून पुढे सरकतो. कौलावर सगळे वजन टाकत नाही. मंगलोरला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ही कौले कोकण-गोव्यापर्यंत सर्वत्र पसरली. त्यांच्याबरोबर रुळलेली ही कामाची रीत पत्र्यांच्या जमान्यात मागे पडली, कारण पत्रा अखंड दिसतो आणि अखंड वस्तू आपले वजन पेलेल असे माणसाला वाटते.

पडण्याचे प्रकार

छपरावरून पडणे म्हणजे कडेवरून घसरणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. कडेवरून पडण्याचे प्रसंग घडतातच. निसरडे शेवाळ, पहाटेचे दव, पायात अडकलेला दोर किंवा मागे सरकत पत्रा ओढण्याची सवय ही त्यांची नेहमीची कारणे आहेत. शिडीवरून चढता-उतरताना पडणे हा दुसरा प्रकार. परंतु छपराच्या मधोमध उभे असताना छपरातून खाली पडणे हा तिसरा प्रकार अधिक फसवा आहे, कारण तेथे कामगाराला आपण धोक्यात आहोत याची जाणीवच नसते.

सिमेंटचा पन्हळी पत्रा, म्हणजे बोलीतला ‘सिमेंट पत्रा’, हा या बाबतीत सर्वांत घातक होय. तो नवा असतानाही ठिसूळ असतो. ऊन-पावसाने वर्षानुवर्षे झिजल्यावर तो कोणतीही पूर्वसूचना न देता फुटतो. लोखंडी पत्रा वाकतो, कुरकुरतो, निदान आवाज तरी करतो. सिमेंटचा पत्रा एका क्षणी असतो आणि दुसऱ्या क्षणी नसतो. त्यावर रंग दिलेला असेल किंवा शेवाळ चढले असेल, तर भेगाही दिसत नाहीत. उजेडासाठी मधेमधे बसवलेले फायबरचे पारदर्शक पत्रे धूळ साचून इतर पत्र्यांसारखेच दिसू लागतात आणि त्यांवर पाय पडतो. कौलारू घरात हीच गोष्ट काचेच्या कौलांची. गंजलेला लोखंडी पत्रा, वाळवीने पोखरलेला वासा आणि कुजलेली रीप यांचीही गणना ठिसूळ आधारांतच केली पाहिजे.

‘बोल्टच्या रांगेवरून चालावे, म्हणजे खाली लोखंडी आडवा असतो,’ असा सल्ला या व्यवसायात पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. त्यात तथ्य आहे, पण तो पुरेसा नाही. आडव्या लोखंडाची रुंदी काही सेंटिमीटरच असते. हातात अवजार किंवा खांद्यावर पत्रा घेऊन त्या रेषेवर चालणे ही अक्षरशः तारेवरची कसरत होय. तोल सावरण्यासाठी टाकलेले एक पाऊल पत्र्याच्या मध्यावरच पडते.

यावर उपाय साधा आहे. किमान तीन आडव्यांवर टेकेल एवढ्या लांबीच्या, आडव्या पट्ट्या ठोकलेल्या रुंद फळ्या छपरावर अंथरायच्या आणि त्यांवरूनच वावरायचे. सिमेंट पत्र्यांखालचे आडवे साधारण सव्वा ते दीड मीटर अंतरावर असतात, म्हणून फळी तीन मीटरहून थोडी अधिक लांब हवी. अशा निदान दोन फळ्या लागतात, कारण एकीवर उभे राहूनच दुसरी पुढे सरकवता येते. एकच फळी घेऊन चढणारा माणूस ती हलवण्यासाठी शेवटी पत्र्यावरच पाय ठेवतो. फळी घसरू नये म्हणून तिचे वरचे टोक आढ्याला बांधतात किंवा आकड्याने अडकवतात.

सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात. ते हातोड्याने फोडून उतरवले, तर तंतूंची धूळ श्वासावाटे फुप्फुसात जाते. बोल्ट सोडवून, पत्रा ओला करून आणि अखंड उतरवणे आरोग्याच्या दृष्टीने योग्य ठरते. योगायोग असा की पत्र्यावर न उभे राहता, खालच्या परांचीवरून काम केले तरच हे नीट साधते.

उंचीचे गणित

एकमजली घराचे किंवा गोठ्याचे छप्पर तीन-चार मीटर उंच असते. ‘एवढ्याशा उंचीला काय होणार’ ही भावना याच उंचीवर बळावते. गणित निराळे सांगते. चार मीटरांवरून सुटलेले शरीर सुमारे ०.९ सेकंदात जमिनीवर पोचते आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी सुमारे ३२ किलोमीटर असतो. तीन मीटरांवरून हा वेग ताशी सुमारे २८ किलोमीटर भरतो. एवढ्या वेळात हात पुढे करण्यापलीकडे काही करता येत नाही. डोके किंवा पाठीचा कणा आधी टेकला, तर मृत्यू किंवा आयुष्यभराचे पंगुत्व संभवते. खाली फरशी, विहिरीचा काठ, नांगर किंवा गजांची उभी टोके असतील, तर उंचीचा हिशेब गौण ठरतो.

प्रतिबंधाचा क्रम

उंचावरील कामाच्या सुरक्षिततेचा विचार जगभर एका ठरावीक क्रमाने केला जातो. ब्रिटनच्या २००५ सालच्या उंचीवरील कामाच्या नियमांत हा क्रम स्पष्टपणे मांडला आहे: शक्य तेथे उंचीवर चढणेच टाळावे, चढावे लागले तर पडण्यास वाव ठेवू नये, तोही राहिला तर पडण्याचे अंतर आणि आघात कमी करावा. आपल्याकडे बहुधा हा क्रम उलटा झालेला आढळतो. सर्वप्रथम बेल्ट विकत घेतला जातो, आणि तो घेतला म्हणजे कर्तव्य संपले असे मानले जाते.

चढणे टाळण्याचे मार्ग लहान कामातही सापडतात. गळती शोधायची असेल तर ती घराच्या आतून, उजेडाची तिरीप पाहून शोधता येते. कैचीचे सुटे भाग जमिनीवर जोडून मग वर चढवता येतात. पन्हळ साफ करायची तर ती कडेच्या परांचीवरून करता येते.

पडण्यास वाव न ठेवण्यासाठी छपराच्या कडेने बांबूची किंवा लोखंडी नळ्यांची परांची उभारून तिला कमरेच्या उंचीचा आडवा कठडा, मध्ये दुसरा दांडा आणि पायाशी फळी लावतात. उतरत्या छपरावर पायाशी लावलेली फळी विशेष महत्त्वाची, कारण घसरत आलेला माणूस प्रथम तिलाच अडतो. पत्र्यातून पडण्याविरुद्ध मात्र कडेच्या कठड्याचा काहीच उपयोग नाही. त्यासाठी छपराच्या आतून, पत्र्याखाली शक्य तितक्या जवळ, फळ्यांचे तळ किंवा सुरक्षा जाळी हवी. सभागृह किंवा गोदाम रिकामे असेल, तर आतून सरकती परांची फिरवून संपूर्ण छप्पर खालूनच बदलता येते.

बेल्ट, हार्नेस आणि दोर

मराठी बांधकाम-बोलीत ‘सेफ्टी बेल्ट’ हा एकच शब्द दोन वेगळ्या साधनांसाठी वापरला जातो, आणि हा शब्दांचा घोळ जिवाशी येऊ शकतो. केवळ कमरेला बांधायचा पट्टा माणसाला कडेपासून मागे रोखण्यापुरता उपयोगी आहे. तो बांधून माणूस खरोखर पडला, तर सगळा हिसका पोटावर आणि कण्यावर बसतो, किंवा माणूस पट्ट्यातून निसटतो. अमेरिकेत १ जानेवारी १९९८ पासून पडणाऱ्याला झेलण्यासाठी कमरपट्टा वापरण्यास मनाई आहे. खांदे, छाती आणि मांड्या यांवरून जाणारा, पाठीवर कडी असलेला पूर्ण हार्नेस हाच त्या कामासाठी योग्य. भारतात या साधनांसाठी आयएस ३५२१ हे मानक आहे.

हार्नेसच्या मर्यादेची चर्चा मात्र कमी होते. समजा, दोन मीटर लांबीचा दोर पायाच्या पातळीवर अडकवला आहे आणि त्याला झटका शोषणारी शिवलेली पट्टी जोडली आहे. माणूस पडला की आधी दोराची दोन मीटर लांबी संपते. मग पट्टीची शिवण उसवत जाऊन ती आणखी पावणेदोन मीटरांपर्यंत लांबू शकते. पाठीच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर आणि खाली सुरक्षिततेसाठी एक मीटर मोकळे धरले, तर एकूण सव्वासहा मीटर मोकळी जागा लागते. चार मीटर उंच छपरावरचा माणूस हे सर्व व्यवस्थित बांधूनही जमिनीवर आदळेल. म्हणजे ज्या उंचीवर लहान ठेकेदारांची बहुसंख्य कामे चालतात, त्याच उंचीवर हे साधन अशा रीतीने वापरल्यास निरुपयोगी ठरते.

अशा छपरांवर दोराचा दुसरा उपयोग करावा लागतो. दोराची लांबी एवढीच ठेवायची की माणूस कडेपर्यंत पोचूच नये. गायीला दावे बांधावे तसा हा प्रकार आहे. पडल्यावर झेलणे नव्हे, कडेशी जाऊच न देणे. जेथे झेलणेच भाग आहे, तेथे दोर डोक्याच्या वर अडकवावा किंवा हिसका बसताच जागीच आवळणारे आपोआप गुंडाळले जाणारे साधन वापरावे. दोर बाजूला तिरका अडकवला असेल, तर पडलेला माणूस लंबकासारखा झोका घेऊन भिंतीवर किंवा खांबावर आपटतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

दोर कशाला बांधायचा, हा प्रश्न सर्वांत अवघड. अमेरिकी नियमांत पडणाऱ्याला झेलणाऱ्या प्रत्येक आधाराने माणशी ५००० पौंड, म्हणजे सुमारे २२७० किलो वजनाइतका ताण पेलावा अशी अपेक्षा आहे. पन्हळ, पाण्याच्या टाकीची नळी, जुनी रीप, पत्र्याचा जे-बोल्ट किंवा नुसती विटांची धुराडी यांपैकी काहीच त्या कसोटीला उतरत नाही. सिमेंट-काँक्रीटचा खांब, मुख्य तुळई, कैचीचा मुख्य जोड किंवा आढ्यावरून पलीकडे नेऊन जमिनीवरील भक्कम आधाराला बांधलेला दोर हे विचारात घेण्याजोगे पर्याय आहेत. उभ्या वाहनाला दोर बांधू नये. ते कोणी तरी सुरू करून पुढे नेण्याचा धोका असतो. पत्र्याच्या धारदार कडेवर घासणारा दोर कापला जातो, म्हणून तेथे गोणपाट किंवा रबरी नळी घालतात. काथ्याचा किंवा प्लॅस्टिकचा सामान्य दोर या कामासाठी वापरू नये, आणि एकदा झटका सोसलेला हार्नेस पुन्हा वापरात आणू नये.

शिडी

शिडीचा पाया भिंतीपासून शिडीच्या टेकण्याच्या उंचीच्या एक-चतुर्थांश अंतरावर असावा आणि तिचे वरचे टोक छपराच्या कडेपेक्षा सुमारे एक मीटर वर निघालेले असावे, म्हणजे छपरावर पाय टाकताना हाताला धरायला आधार राहतो. वरचे टोक बांधलेले नसेल, तर शिडी नेमकी त्याच क्षणी सरकते.

वारा, ऊन आणि वीज

लोखंडी पत्रा हलका असतो, पण वाऱ्यात तो शीड होतो. दहा फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद पत्र्यावर ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब सुमारे २५ किलो वजनाइतका भरतो, आणि तोही आडवा. वळवाच्या आधी सुटणारा झोत याहून जोरदार असू शकतो. एकट्याने पत्रा उचलून नेणारा कारागीर अशा वेळी पत्र्यासह कडेवरून जातो. आभाळ भरून आले की सुटे पत्रे आधी बांधून, माणसांनी खाली उतरणे हाच एक मार्ग असतो.

मे महिन्यातील दुपारी लोखंडी पत्रा हात टेकवू न देण्याइतका तापतो. चक्कर येणे हे जमिनीवर किरकोळ दुखणे आहे. छपरावर ते प्राणघातक ठरते. काम पहाटे सुरू करण्याची रीत त्यामुळेच पडली, मात्र दव वाळेपर्यंत थांबणे आवश्यक असते.

गावठाणात आणि वस्त्यांत विजेच्या उघड्या तारा छपरांच्या अगदी जवळून गेलेल्या असतात. वर चढवताना उभा धरलेला लांब पत्रा किंवा ॲल्युमिनियमची शिडी तारेला टेकली, तर झटका बसतो आणि झटक्याने माणूस पडतोही. अशा ठिकाणी वीज वितरण कंपनीकडून पुरवठा बंद करून घेतल्यावरच काम सुरू करावे. घरातले मुख्य बटण बंद करून बाहेरच्या तारा निर्जीव होत नाहीत, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

सुटका आणि प्रथमोपचार

हार्नेसने झेललेला माणूस वाचला असे लगेच समजू नये. मांड्यांवरील पट्ट्यांमुळे पायांतील रक्त हृदयाकडे परतण्यास अडथळा होतो आणि काही मिनिटांतच लटकलेला माणूस बेशुद्ध होऊ शकतो. त्यामुळे त्याला खाली कसे उतरवायचे, शिडी कोठे आहे, ती कोण लावणार, हे काम सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असावे. छपरावर एकट्याने काम करू नये, या नियमाचे कारणही हेच आहे.

जमिनीवर पडलेल्या माणसाला उचलून बसवणे, पाणी पाजणे किंवा रिक्षात घालून नेणे ही आपल्याकडील स्वाभाविक प्रतिक्रिया असते. कण्याला इजा झाली असेल, तर त्या उचलण्यानेच पाय कायमचे लुळे पडू शकतात. मान व पाठ न हलवता, श्वास चालू आहे ना हे पाहत १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेची वाट पाहावी. माणूस उठून उभा राहिला आणि ‘मला काही झाले नाही’ म्हणाला, तरी डोक्याला मार लागल्याची शंका असल्यास रुग्णालयात नेणे आवश्यक आहे.

कायदा आणि जबाबदारी

बांधकाम कामगारांच्या सुरक्षिततेसाठी १९९६ साली केंद्राने इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियम केला आणि महाराष्ट्राने त्याखालील नियम २००७ साली केले. हा अधिनियम दहा किंवा अधिक बांधकाम कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० अमलात आली आणि हा अधिनियम, तसेच १९४८चा कारखाने अधिनियम तिच्यात सामावले गेले. बांधकामासाठी दहाची मर्यादा मात्र तशीच राहिली. परिणामी पाच-सहा जणांची टोळी सुरक्षाविषयक तपासणीच्या कक्षेबाहेर पडते. ज्यांना पर्यवेक्षणाची सर्वाधिक गरज, त्यांच्यापर्यंतच कायद्याचा हात पोचत नाही, हा या रचनेतील ठळक दोष म्हणावा लागेल.

नुकसानभरपाईचा कायदा मात्र असा संख्येवर थांबत नाही. १९२३ सालच्या कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत, जमिनीपासून छपराच्या शिखरापर्यंत बारा फूट किंवा अधिक उंची असलेल्या इमारतीच्या बांधकामात, दुरुस्तीत किंवा पाडकामात गुंतलेल्या कामगारांचा समावेश होता. म्हणजे साधे कौलारू घरही त्यात येई. हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये विलीन झाला आहे. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणून भरपाई काढतात. २०२०च्या अधिसूचनेनुसार हिशेबासाठी धरायचे कमाल मासिक वेतन १५,००० रुपये होते. वयाच्या तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८ असल्याने अशा कामगाराच्या वारसांची रक्कम १५,५९,८५० रुपये येते. ही रक्कम मालक म्हणून ठेकेदाराने द्यावयाची असते. विमा उतरवलेला नसेल तर लहान ठेकेदार त्यात बुडतो, आणि बहुधा वारसांच्याही हाती काही पडत नाही. काही हजारांच्या फळ्या आणि परांचीचे भाडे यांची तुलना या आकड्याशी करून पाहावी.

‘मी त्याला बेल्ट दिला होता, त्यानेच लावला नाही,’ हा बचाव नेहमी ऐकू येतो. सुरक्षिततेची सूचना जाणूनबुजून मोडल्याचा आक्षेप किरकोळ इजांच्या बाबतीत घेता येतो; मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास १९२३च्या कायद्याने तो मान्य केलेला नाही. बांधकाम व्यावसायिकाने आपल्या कामातील छपराचा भाग पोटठेकेदाराला दिला असेल, तर कामगाराला मुख्य व्यावसायिकाकडेही भरपाई मागता येते. याशिवाय निष्काळजीपणामुळे मृत्यू घडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे १८ ते ६० वर्षे वयाच्या, मागील बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराला नोंदणी करता येते. टोळीत माणसे किती, याचा या नोंदणीशी संबंध नाही. ९० दिवसांच्या कामाचा दाखला ठेकेदार किंवा ग्रामपंचायत देऊ शकते. नोंदीत कामगारांना मंडळाकडून शिरस्त्राण, बूट, हार्नेस यांसारख्या वस्तूंचा सुरक्षा संचही दिला जातो. तो हार्नेस कशाला अडकवायचा, हे मात्र प्रत्येक छपरावर नव्याने ठरवावे लागते.